'मिथिंक्स'चं प्रकरण : इंग्रजीने गमावलेलं 'मला वाटतं'

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात राजवाड्यात नाटक चालू आहे. नाटकातली राणी नवऱ्याला शपथेवर सांगते की तुमच्यामागे मी दुसरं लग्न करणार नाही, केलं तर इहलोकी-परलोकी मला शांती मिळू नये. समोर बसलेल्या गर्ट्रूडने नवरा गेल्यावर लगोलग दिराशी लग्न केलेलं आहे. तिचा मुलगा हॅम्लेट तिला विचारतो, नाटक कसं वाटतंय? ती उत्तर देते, "द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मिथिंक्स."

या ओळीतला शेवटचा शब्द हेच आपलं प्रकरण. महाविद्यालयात हे नाटक शिकताना पानाखालच्या टिपेत 'मिथिंक्स म्हणजे आय थिंक' एवढंच असतं आणि वर्ग पुढे सरकतो. पण टीप आणि शब्द शेजारी ठेवून पाहिले तर त्यांचा मेळ बसत नाही. 'आय थिंक'मध्ये कर्ता 'आय' आहे, इथे इंग्रजीतला 'मी' (me) आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने 'मला'. आणि 'थिंक'ला शेवटी 'स' लागला आहे. हा 'स' इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनाला लागतो, 'ही थिंक्स', 'शी थिंक्स'. प्रथमपुरुषाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे टीप खरी मानायची तर डेन्मार्कच्या राणीने एकाच शब्दात व्याकरणाच्या दोन चुका केल्या असं मानावं लागेल. राणी चुकलेली नाही, टीपच अपुरी आहे. 'मिथिंक्स'मधलं 'थिंक' हे आपल्याला माहीत असलेलं 'थिंक' नव्हेच. ते दुसरं क्रियापद आहे, इंग्रजीतून नाहीसं झालेलं. आणि त्याची रचना समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत, कारण ती आपण दिवसातून शंभरदा वापरतो.

(जाता जाता त्याच ओळीतल्या 'प्रोटेस्ट'बद्दल. आज ही ओळ 'जो फार विरोध करतो त्याच्याच मनात काळंबेरं असतं' अशा अर्थाने फेकली जाते. त्या काळी 'प्रोटेस्ट' म्हणजे गंभीरपणे, शपथपूर्वक सांगणं. बाई विरोध करत नाहीये, आणाभाका घेतेय, आणि त्या जरा जास्तच होताहेत असं गर्ट्रूडचं म्हणणं.)

चुकलेलं निदान

या शब्दाचं कोडं जुनं आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रचंड इंग्रजी कोश काढला, त्यात 'मिथिंक्स'ची नोंद आहे. अर्थ त्याने बरोबर दिला आहे : मी समजतो, मला भासतं. क्रियापद अकर्तृक आहे, म्हणजे त्याला कर्ता नाही, हेही त्याने नोंदवलं. पण व्युत्पत्ती देताना तो लिहितो की हा नॉर्मन लोकांनी केलेला बिघाड असावा असं मानतात, कारण फ्रेंच माणसं 'मी' आणि 'आय' यांत घोळ करतात. १०६६ साली नॉर्मंडीहून आलेल्या राज्यकर्त्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं, त्यांनी 'आय थिंक'चं 'मी थिंक्स' केलं आणि ते रूढ झालं, असा हा तर्क.

जॉन्सनसारख्या माणसाला हा तर्क नोंदवावासा वाटला, याचं कारण उघड आहे. १७५५ पर्यंत इंग्रजी भाषेतून ती रचनाच उठून गेली होती. समोर उरलेला तुकडा कुठल्या इमारतीचा हे सांगणारं आजूबाजूला काही राहिलं नव्हतं, म्हणून तो तुकडाच मोडका वाटला. जुन्या हस्तलिखितांत पाहिलं की हा तर्क एका क्षणात कोसळतो. नॉर्मन इंग्लंडात उतरण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी इंग्रज राजा हीच रचना लिहीत होता.

राजाचं पत्र

नवव्या शतकाच्या शेवटी वेसेक्सचा, म्हणजे इंग्लंडातल्या एका जुन्या राज्याचा, राजा आल्फ्रेड आपल्या बिशपांना एक पत्र लिहितो. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांत मठ आणि ग्रंथ उद्ध्वस्त झाले आहेत, लॅटिन समजणारी माणसं जवळपास उरलेली नाहीत. राजाला वाटतं, जी पुस्तकं सगळ्यांना माहीत असायला हवीत ती आपल्या भाषेत आणावीत. पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाच्या अनुवादाला हे पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. वूस्टरचा बिशप वेर्फर्थ याला पाठवलेली प्रत आजही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मूळ मुद्द्याला येताना राजा लिहितो, "फॉर्थी मे थ्युंक्थ बेत्रे, यिफ इओव स्वॅ थ्युंक्थ..."

शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर : "म्हणून मला अधिक चांगलं वाटतं, तुम्हाला तसं वाटत असेल तर..." मराठीत काही हलवावं लागत नाही. 'मे' म्हणजे मला, 'इओव' म्हणजे तुम्हाला, 'थ्युंक्थ' म्हणजे वाटतं. आधुनिक इंग्रजीत हेच वाक्य आणायचं तर ते मोडून नव्याने बांधावं लागतं. एवढ्या मोठ्या राजाने आज्ञा न देता 'मला असं वाटतं, तुम्हालाही वाटत असेल तर' अशी सुरुवात करावी, हे मला फार आवडतं, आणि ती नम्रता त्या क्रियापदात आहे.

जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. एक 'थेंचन' : मनाने विचार करणं. त्याला कर्ता लागे, 'मी विचार करतो' असं. भूतकाळ 'थोख्ते'. दुसरं 'थ्युंचन' : भासणं, वाटणं, दिसणं. त्याला आपल्यासारखा कर्ता नव्हता. ज्याला वाटतं तो चतुर्थीत येई, आणि जे वाटतं ते क्रियापदाला जोडलेलं असे. भूतकाळ 'थूख्ते'. तेव्हाच्या इंग्रजीत सर्वनामांना विभक्तीची वेगवेगळी रूपं होती. 'मला मारलं' मधला द्वितीयेचा 'मला' 'मेक' असाही येई आणि 'मला दिलं' मधला चतुर्थीचा 'मे'. पुढे दोन्ही एकाच 'मी'त मिसळले. 'मिथिंक्स'मधला 'मी' हा तो चतुर्थीचा आहे. 'स' हा तृतीयपुरुषाचा आहे, कारण 'वाटतं' हे तृतीयपुरुषीच असतं. दोन्ही 'चुका' बिनचूक निघाल्या.

दोन्ही क्रियापदं एकाच धातूची लेकरं. पहिल्याचा मूळ अर्थ 'एखादी गोष्ट मनात दिसेल असं करणं' आणि दुसऱ्याचा 'दिसणं, भासणं' असा भाषाशास्त्रज्ञ लावतात. मराठीत 'तो भासतो' आणि 'तो भासवतो' यांत जे अंतर तेच. 'थँक' हा आभाराचा शब्दही याच घराण्यातला : आधी विचार, मग चांगला विचार, मग कृतज्ञता. जर्मनमध्ये ही जोडी अजून वेगळी ओळखू येते, 'डेंकेन' म्हणजे विचार करणं आणि 'ड्युंकेन' म्हणजे वाटणं.

इंग्रजीत मात्र उच्चारांनी घात केला. 'थ्युंचन'मधला ओठ गोल करून म्हणायचा स्वर बहुतेक बोलींत साधा 'इ' झाला. 'थेंचन'मधला 'ए' पुढच्या अनुनासिकामुळे वर सरकून तोही 'इ' झाला. हा बदल आजही कानाला ऐकू येतो : 'इंग्लिश' हा शब्द लिहिताना 'ए'च्या अक्षराने लिहितात आणि म्हणताना 'इं' म्हणतात. 'च'च्या जागी उत्तरेकडच्या बोलींतला 'क' आला. भूतकाळातल्या 'थोख्ते' आणि 'थूख्ते'चं दोन्हींचं 'थॉट' झालं. दोन भावंडांचा चेहरा एक झाला. आता फरक सांगणारं एकच चिन्ह उरलं, शेजारचं सर्वनाम. 'आय' असेल तर विचार करणं, 'मी' असेल तर वाटणं.

चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसर आपल्या 'कँटरबरी टेल्स' लिहीत होता तेव्हा ही रचना धडधाकट होती. कँटरबरीच्या यात्रेकरूंची ओळख करून देण्याआधी तो म्हणतो, "मे थिंकेथ इत अकॉर्दाउन्त तो रेझून", म्हणजे प्रत्येकाची हकीकत आधी सांगावी हे मला सयुक्तिक वाटतं. पुढे खानावळीचा मालक गोष्टी सांगण्याची कल्पना मांडतो तेव्हा यात्रेकरूंबद्दल 'उस थॉख्ते' येतं, आम्हाला वाटलं की यावर फार खल करण्यात अर्थ नाही. म्हणजे तेव्हा 'मला' एकटा नव्हता, 'आम्हाला', 'त्याला', 'त्यांना' सगळे होते. इतकंच नव्हे, चॉसरकडे स्वप्न पडण्यालाही हीच रचना आहे. चाँटिक्लीर नावाचा कोंबडा बायकोला आपलं भयंकर स्वप्न सांगताना 'मे मेत्ते' म्हणतो, 'मला स्वप्न पडलं'. इंग्रजीत आज 'आय ड्रेम्ट' म्हणतात, म्हणजे माणूसच कर्ता असतो, चॉसरच्या कोंबड्याला ते आपल्यासारखं पडत होतं.

हॅम्लेटमधले चार 'मिथिंक्स'

हे सगळं कळल्यावर 'हॅम्लेट' पुन्हा वाचला की टीप किती उणी आहे ते जाणवतं.

पहिल्या अंकात हॅम्लेट आपला मित्र होरेशियो याच्याशी बोलताना मध्येच म्हणतो, "माय फादर... मिथिंक्स आय सी माय फादर." माझे वडील, मला वडील दिसताहेतसं वाटतंय. होरेशियो दचकून विचारतो, कुठे? तो दचकतो, कारण आदल्या रात्री त्याने तटावर त्या मेलेल्या राजाचं भूत खरंच पाहिलं आहे आणि हॅम्लेटला ते सांगायलाच तो आलाय. हॅम्लेट उत्तर देतो, मनाच्या डोळ्यांपुढे. या संवादाचा सगळा ताण 'मिथिंक्स' या एका क्रियापदावर उभा आहे. 'मी विचार करतो की मला वडील दिसतात' असं वाचलं तर होरेशियोने दचकण्याचं कारणच राहत नाही. 'मला दिसताहेतसं वाटतंय' असं ऐकलं तरच तो डोळे फिरवून आजूबाजूला बघेल.

त्याच अंकात भूत मुलाला आपल्या खुनाची हकीकत सांगता सांगता थबकतं, "बट सॉफ्ट, मिथिंक्स आय सेंट द मॉर्निंग एअर." पहाटेची हवा आल्यासारखी वाटतेय. त्याला उजाडायच्या आत परत जायचं आहे. इथे मताचा प्रश्नच नाही, वास आहे, संवेदना आहे.

तिसऱ्या अंकात, नाटकाच्याच दृश्यात थोडं पुढे, हॅम्लेट राजाचा मंत्री पोलोनियस याला ढग दाखवतो. हा उंटासारखा आहे ना? अगदी उंट, पोलोनियस म्हणतो. "मिथिंक्स इट इज लाइक अ वीझल." त्याची पाठ वीझलसारखीच आहे. की देवमाशासारखा? हुबेहूब देवमासा. वीझल हा लांबट, चपळ, मांसाहारी प्राणी, उंटाशी त्याचं काही साम्य नाही. हॅम्लेट इथे दिसण्याचीच परीक्षा घेतोय : मला जे दिसतं तेच तुला दिसतं की राजपुत्राला दिसतं म्हणून तुला दिसतं? (हीच ओळ १९८६ साली रिचर्ड डॉकिन्स यांनी उत्क्रांतीवरच्या पुस्तकात वापरली. अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागा धरून २८ चिन्हांचं हे वाक्य निव्वळ योगायोगाने तयार होणं जवळपास अशक्य, पण प्रत्येक पिढीतलं थोडं बरोबर आलेलं जपत गेलं तर संगणक ते चटकन गाठतो, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यामुळे कित्येक जीवशास्त्रज्ञांना 'मिथिंक्स' तिथूनच माहीत आहे.)

आणि चौथा, राणीचा. इथे मात्र अर्थ खरोखर मताकडे झुकला आहे. वाक्य संपल्यावर मागाहून जोडलेला हा शब्द 'माझं आपलं मत' असा आहे. एकाच नाटकात भास, गंध, आकार आणि अभिप्राय अशा चारही पायऱ्या भेटतात. वाटण्याचा प्रवास नेहमी याच वाटेने होतो, आधी इंद्रियांना वाटतं, मग मनाला. मराठीत 'थंडी वाटते' आणि 'तो येईल असं वाटतं' ही दोन वाक्यं या दोन टोकांना उभी आहेत.

हे लक्षात ठेवून मराठी करायचं तर चारही जागी 'मला वाटतं' असं एकच ठोकळ रूप चालणार नाही. भुताच्या तोंडी मी नुसतं 'वाटतं' ठेवीन : 'थांब, पहाटेचा वारा सुटला वाटतं.' आपल्याकडे 'पाऊस येणार वाटतं', 'आज लवकर आलात वाटतं' अशा वाक्यांत 'मला' गळून पडतो आणि जे जाणवलं त्यावरून केलेला अंदाज तेवढा उरतो. भुताचं वाक्य नेमकं तसं आहे. राणीच्या तोंडी हे चालणार नाही. 'बाई जास्तच शपथा घेते वाटतं' म्हटलं तर तिने नुसता अंदाज बांधल्यासारखं होईल, ती तर समोर बसून बघते आहे. तिथे 'मला वाटतं'च हवं, आणि तेही शेवटी, थोडं थांबून.

स्वप्नाचं क्रियापद

या क्रियापदाचा भूतकाळ 'मिथॉट'. आणि 'मिथॉट' जिथे जिथे आला तिथे पुष्कळदा स्वप्न आहे. मला या प्रकरणातला हा सगळ्यात श्रीमंत भाग वाटतो.

'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला विणकर बॉटम झाडाखाली जागा होतो. रात्रभर त्याला गाढवाचं डोकं होतं आणि परीराणी त्याच्यावर भाळली होती. तो आठवू बघतो, "मिथॉट आय वॉज..." मी होतो असं वाटलं, काय होतो ते कोणी सांगू शकणार नाही. "मिथॉट आय वॉज, अँड मिथॉट आय हॅड..." आणि वाक्य तिथेच तुटतं. 'आय थॉट' म्हटलं असतं तर तो चुकीचा विचार करत होता असा अर्थ झाला असता. तो विचार करतच नव्हता, त्याला ते झालं होतं.

जॉन मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता. त्याची दुसरी बायको कॅथरिन वुडकॉक १६५८ मध्ये वारली. त्याचं एक सुनीत १६७३ मध्ये छापलं गेलं, त्याची सुरुवात "मिथॉट आय सॉ माय लेट एस्पाउज्ड सेंट" अशी आहे. माझी दिवंगत पत्नी दिसली असं मला वाटलं, थडग्यातून परत आणलेली. पांढरी वस्त्रं, चेहऱ्यावर बुरखा. ती मिठी मारायला वाकते तेवढ्यात कवीला जाग येते, ती निघून जाते आणि दिवस त्याची रात्र परत आणतो. ही बायको पहिली की दुसरी यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दुसरी असेल, तर आंधळ्या कवीने तिचा चेहरा बहुधा कधी पाहिलेलाच नव्हता, आणि बुरखा तसाच राहण्याला फार वेगळा अर्थ येतो. मी दुसरीच्या बाजूने आहे. पण कोणतीही असो, 'मला दिसलं असं मला वाटलं' हे दुहेरी वाटणं या कवितेला आवश्यक आहे. ज्याला दिसत नाही त्याला 'मी पाहिलं' म्हणता येत नाही.

आता मिल्टनच्या सातशे वर्षं मागे जाऊ. उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्ली गावाच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक जुन्या इंग्रजीतलं हस्तलिखित आहे. त्यात ख्रिस्ताच्या क्रुसाबद्दलची एक कविता आहे, कवीचं नाव कुठेच नाही. तिच्या काही ओळी स्कॉटलंडच्या दक्षिणेला रथवेल इथल्या आठव्या शतकातल्या दगडी क्रुसावर रून लिपीत कोरलेल्या आहेत, म्हणजे कविता हस्तलिखिताहूनही जुनी. कवी मध्यरात्री पडलेलं सगळ्यांत उत्तम स्वप्न सांगायला बसतो, आणि म्हणतो, "थूख्ते मे थॅत इच येसावे..." मला वाटलं की मी पाहिलं. एक अद्भुत झाड, उजेडात न्हालेलं. मग ते झाड, म्हणजे तो क्रूसच, स्वतःची कहाणी बोलू लागतो.

'थूख्ते मे थॅत इच येसावे' आणि 'मिथॉट आय सॉ'. शब्द तेच, क्रम जवळजवळ तोच. मिल्टनने ही कविता वाचलेली असणं शक्य नाही. ते हस्तलिखित व्हेर्चेल्लीतच पडून होतं आणि १८२२ मध्ये फ्रीड्रिश ब्लूमं या जर्मन अभ्यासकाच्या नजरेला आलं. म्हणजे ही उसनवारी नाही. स्वप्न सांगायची इंग्रजीची ती स्वतःची रीत होती, तोंडातोंडी सात शतकं टिकलेली.

रचना गेली कशी

'थ्युंचन' एकटं नव्हतं. जुन्या इंग्रजीत भूक लागणं, तहान लागणं, आवडणं, पश्चात्ताप होणं अशा कितीतरी गोष्टी माणसाला होत, माणूस त्या करत नसे. 'लाइक' हेच बघा. आज 'आय लाइक' म्हणजे मी पसंत करतो. जुना अर्थ 'आवडणं, रुचणं', आणि ज्याला आवडतं तो चतुर्थीत.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन यांनी हा बदल समजावायला राजा आणि नासपती घेतल्या. जुन्या इंग्रजीत 'थाम क्युंजे लिकोदोन पेरान' : राजाला नासपती आवडल्या. राजा चतुर्थीत, क्रियापद अनेकवचनात, कारण ते नासपतींशी जुळतं. मग नामांचे प्रत्यय झिजले, 'राजाला' आणि 'राजा' यांत फरक उरला नाही. मग क्रियापदाचा अनेकवचनी प्रत्ययही गेला. 'द किंग लाइक्ड पेअर्स'. राजा अजून वाक्याच्या आरंभीच बसला होता, पण आता आरंभी बसतो तो कर्ता अशी भाषेची सवय झाली होती. म्हणून ऐकणाऱ्याला राजा हाच कर्ता वाटू लागला, आणि शेवटी सर्वनाम येताच 'ही लाइक्ड पेअर्स' झालं. शब्द जागचे हलले नाहीत, माणूस मात्र अनुभवणाऱ्याचा करणारा झाला.

उदाहरण इतकं सुबक आहे की ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याला आक्षेप घेतले आहेत आणि ते मला पटतात. राजा असेल तर संदिग्धता येते हे खरं, पण रोजच्या बोलण्यात नामांपेक्षा 'मला', 'त्याला' हेच जास्त येतात, आणि तिथे 'ही' आणि 'हिम'चा फरक तर आजही जिवंत आहे. शिवाय जुनी आणि नवी रचना शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. नुसत्या झिजलेल्या प्रत्ययांनी हे घडलं असं म्हणता येत नाही.

शेजारी नांदल्याचा पुरावा 'हॅम्लेट'मध्येच आहे. दुसऱ्या अंकात राजा क्लॉडियस म्हणतो, "इट लाइक्स अस वेल", हे आम्हाला फार रुचतं. ही जुनी रीत. तिसऱ्या अंकात हॅम्लेट आईला विचारतो, "हाउ लाइक यू धिस प्ले?" इथे क्रियापदाला 'स' नाही, म्हणजे 'यू' कर्ता झालेला आहे. ही नवी रीत. आईचं उत्तर मात्र पुन्हा जुन्या रचनेत येतं.

या वेळेपर्यंत 'वाटणं' हे क्रियापद एका 'मी'शी जखडलं गेलं होतं. चॉसरचे 'आम्हाला' आणि 'त्यांना' गळाले. 'तुला वाटतं'चा एक शेवटचा श्वास पाचव्या अंकात सापडतो. हॅम्लेट होरेशियोला विचारतो, तुला नाही वाटत की आता हे माझ्यावरच येऊन पडलंय? इथे १६०४-०५ च्या प्रतीत 'थिंक धी' छापलं आहे आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, 'थिंक्स्ट धी'. पहिल्यात क्रियापद एका तऱ्हेने मोडलं आहे, दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने. छापणाऱ्यांच्या हाताला ही रचना परकी झाली होती हे त्यावरून दिसतं. आजचे संपादक 'थिंक्स'ट धी', म्हणजे 'तुला वाटतं ना', असं दुरुस्त करून छापतात.

याहून मोठी खूण 'रिचर्ड द थर्ड'मध्ये आहे. तुरुंगात पडलेला क्लॅरेन्स आपलं बुडून मरण्याचं स्वप्न सांगताना 'मी थॉट्स' म्हणतो. 'थॉट' भूतकाळी आहे, त्याला 'स' लागण्याचं काही कारण नाही. 'मिथिंक्स'मधला 'स' हा प्रत्यय आहे हे विसरून तो शब्दाचाच भाग समजला गेला, आणि भूतकाळातही चिकटला. क्रियापद गोठून अव्यय होत होतं.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन शब्द अजून सुटे छापले आहेत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात वेशीवरचा पहारेकरी लांबून धावत येणाऱ्या माणसाकडे बघून म्हणतो, 'मी थिंकेथ' पुढच्याचं धावणं अहीमासासारखं आहे. अंतरावरची आकृती, चालीवरून बांधलेला अंदाज. या क्रियापदाचा अगदी मूळचा उपयोग. १६६० च्या दशकात सॅम्युएल पेपिस आपल्या खासगी रोजनिशीत 'मिथिंक्स' सहज लिहितो, तेव्हा ते बोलण्यात होतं असं धरायला हरकत नाही. त्यानंतर ते कवितेत गेलं, आणि आज कोणी लिहिलंच तर जुनेपणाचा आव आणण्यासाठी लिहितं.

जिथे ते जिवंत आहे

इंग्रजीच्या घराण्यातल्या बाकीच्या भाषांचं एकसारखं झालेलं नाही. जर्मनमध्ये 'मिष ड्युंक्ट' आहे, पण ते पुस्तकी. स्वीडिशमध्ये हेच क्रियापद 'टुका' म्हणून रोज वापरतात, पण तिथे 'मला' जाऊन 'मी' आला. आइसलँडिकमध्ये मात्र 'म्येर थिकिर' आजही चालतं, शब्दशः 'मला वाटतं', चतुर्थीसकट. एखाद्याचं वाईट झालं तर तिथली माणसं 'म्येर थिकिर थाद लेइत्त' म्हणतात, 'मला त्याचं वाईट वाटतं'. आल्फ्रेडला हे वाक्य सहज कळलं असतं.

आपल्या बाजूला ही रचना इतकी जुनी आहे की पाणिनीने तिच्यासाठी सूत्र केलं : 'रुच्यर्थानां प्रीयमाणः'. रुचणं या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला रुचतं तो संप्रदान, म्हणजे चतुर्थीत. जुन्या इंग्रजीतला नासपती आवडणारा राजा या सूत्रात चपखल बसतो. मराठीने तर ती रचना आवडण्यावरून आठवणं, सुचणं, समजणं, पटणं, जमणं, भूक, राग, झोप इथपर्यंत पसरवली.

पण आपल्याकडेही एक क्रियापद याच वाटेने गेलं आहे. जुन्या कवितेत 'मज गमे', 'मज गमते' येतं, म्हणजे मला वाटतं, मला भासतं. 'मज'ही गेला आणि 'गमते'ही. आज पुण्या-मुंबईत कोणी ते बोलत नाही, कवितेच्या वर्गात त्याचा अर्थ 'वाटते' असा सांगावा लागतो. विदर्भात मात्र 'मले गमत नाही' अजून ऐकू येतं. तिथे अर्थ वेगळा, करमत नाही, जीव रमत नाही असा. ज्याला गमत नाही तो अजूनही चतुर्थीतच आहे.